देखभाल कमी, म्हणजे नेमकी कुणाची?

वाचकांचं पत्र

“आम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेली. शहराच्या टोकाला स्वतःचं घर आहे, पुढेमागे मोठं अंगण. मुलं शिकून आपापल्या वाटेला लागली. यांचे ऑफिसला जाण्यायेण्यात रोज अडीच तास मोडतात. शहराच्या मध्याला लागून असलेल्या एका गजबजलेल्या उपनगरात टाउनहाउस विकायला आहे. एका रांगेत आठ घरं, त्यातलं मधलं. तीन मजले, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, मागे टीचभर फरसबंद अंगण, वर सपाट छप्पर. बांधून बारा वर्षं झाली. जाहिरातीत म्हटलंय, ‘देखभाल नाममात्र’. यांना घर फार आवडलं. खरं सांगायचं तर मलाही आवडलं. पण सासूबाई आमच्याजवळ असतात, वय ७८. त्यांची सकाळ बागेतच जाते. हे म्हणतात, आईलाही आता ते कष्ट नकोत. शिवाय खालच्या रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते. एजंटनं आठ दिवसांत कळवायला सांगितलंय. घ्यावं का?”

ताई,

आठ दिवसांची मुदत एजंटनं घातली आहे, तुम्ही नाही. घर हातचं जाईल ही भीती खरी असू शकते, पण घाईत घेतलेलं घर पुढे अनेक वर्षं अंगावर येतं, हे मी जवळून पाहिलं आहे. तरी मी खाली जे सांगणार आहे, ते आजपासून सुरुवात केलीत तर आठ दिवसांत बहुतेक होईल. जे होणार नाही, त्यासाठी सरळ मुदत वाढवून मागा. न मागताच गप्प बसणारे खूप असतात.

माझं मत आधीच सांगते. तुम्ही दोघंच असता तर मी म्हटलं असतं, कागद तपासा आणि घ्या. रोजचे अडीच तास ही लहान गोष्ट नाही. वर्षाला २३० कामाचे दिवस धरले तर ५७५ तास होतात, म्हणजे रात्रंदिवस मोजले तर जवळजवळ २४ दिवस. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञानं १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस पायी फिरत होता तेव्हापासून आजपर्यंत सरासरी रोजचा सुमारे तासभरच प्रवासावर घालवत आला आहे; वाहनं वेगवान झाली तशी गावं पसरली, तास तेवढाच राहिला. तुमचे यजमान त्याच्या अडीचपट देत आहेत. पन्नाशीनंतर हा वेळ परत मिळवण्यासारखं दुसरं फारसं काही नसतं. तेव्हा त्यांची ओढ मला पूर्ण समजते.

पण तुम्ही तिघं आहात. आणि “आईलाही आता ते कष्ट नकोत” हे वाक्य तुमच्या सासूबाईंचं नाही, त्यांच्या मुलाचं आहे. तिकडे मी शेवटी येते, कारण खरा निर्णय तिथेच आहे. आधी घराचं बघू.

“देखभाल नाममात्र” या दोन शब्दांपाशी जरा थांबा. बांधकामाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. देखभाल लागत नाही असं घर मी अजून पाहिलेलं नाही. ऊन, पाऊस, वारा आणि माणसांचा वावर कुणालाच सूट देत नाही. अशा घरात देखभाल नाहीशी झालेली नसते, ती तुमच्या डोळ्यांसमोरून हलून दुसरीकडे गेलेली असते. काही सामानात गेलेली असते: लाकडाऐवजी पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम, मातीऐवजी फरशी. काही सोसायटीकडे, आणि उरलेली छपरावर, भिंतीच्या पोटात, जिथे कुणी वर्षानुवर्षं डोकावत नाही तिथे. ती कुठे गेली आहे, कोण करतंय आणि गेल्या बारा वर्षांत खरंच कुणी केली आहे का, एवढं शोधून काढणं हे तुमचं काम.

आमचं स्वतःचं असंच घर होतं, रांगेतलं चौथं. अकरा वर्षं तिथे राहिलो आणि पहिली आठ वर्षं खरोखर सुखाची गेली. समोरून दिसायला छान दिसावं म्हणून छपराच्या कडेची पन्हळ भिंतीआड लपवलेली होती. तिला एकच तोंड, तेही अरुंद. पानं साचली, तोंड तुंबलं, आणि पन्हळ ओसंडायची वेळ आली तेव्हा पाण्याला बाहेर पडायला वाटच ठेवलेली नव्हती. ते आत उतरलं. साधी बाहेर लटकणारी पन्हळ तुंबली की पाणी अंगणात धो धो पडतं, सगळ्यांना दिसतं, कुणीतरी शिडी लावतं. लपवलेल्या पन्हळीचं पाणी भिंतीच्या आत झिरपतं आणि महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही. आम्हाला कळलं ते वरच्या खोलीतल्या कपाटामागून कुबट वास यायला लागला तेव्हा. कपाट हलवलं तर मागची भिंत खांद्याच्या उंचीपर्यंत काळी पडलेली. दोन वर्षांची ओल होती ती. सोसायटीच्या सभेत छपराचा विषय लागोपाठ तीन वर्षं पुढे ढकलला गेला होता, आणि त्यातल्या दोन वेळा मीही पुढे ढकलायच्या बाजूनं हात वर केला होता. माझ्यासारख्या जाणत्या बाईनं. त्या वेळी वर्गणी वाढू नये एवढंच मनात होतं. म्हणून हे इतकं पोटतिडकीनं सांगतेय.

तेव्हा छप्पर बघा. एजंट दाखवत नसेल तर मागून घ्या, आणि बांधकाम तपासणाऱ्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या माणसाला सोबत न्या. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नसते. सपाट छप्पर म्हणतात पण ते खरोखर सपाट असता कामा नये. मीटरमागे निदान सव्वा सेंटिमीटर उतार हवा, नाहीतर पाणी साचून राहतं. साचलेलं पाणी वाळल्यावर मातीची गोल कड उमटते, ती उन्हाळ्यातही दिसते. वॉटरप्रूफिंगचा थर पद्धतीनुसार दहा, पंधरा, वीस वर्षं टिकतो. तुमचं घर बारा वर्षांचं. म्हणजे तो थर बदलण्याची वेळ आली असेल किंवा तुमच्या काळात नक्की येईल. खिडक्यांच्या चौकटीभोवतीचं सीलंटही याच वयाला कडक होऊन सुटू लागतं. बोटानं दाबून बघा, रबरासारखं लवतं का तडकतं. लपवलेली पन्हळ असेल तर तिला ओसंडण्यासाठी वेगळं तोंड आहे का, हा प्रश्न कितीही बारीक वाटला तरी विचारा. आणि सगळ्यात वरच्या खोलीत जाऊन छताचे कोपरे, कपाटांच्या आतल्या बाजू आणि खिडक्यांखालचा भाग हातानं चाचपा. रंग अगदी ताजा असेल, तोही एकाच भिंतीला, तर का दिला ते विचारा.

बाहेरच्या भिंतींचंही तेच. न्यूझीलंडमध्ये १९९०च्या दशकात आणि पुढची काही वर्षं घरं बांधण्याची एक पद्धत फार चालली: बाहेरून गुळगुळीत प्लास्टरसारखं आवरण, वळचण जवळजवळ नाहीच, वरती सपाट छप्पर, आतली चौकट प्रक्रिया न केलेल्या लाकडाची. दिसायला देखणी, आणि रंगरंगोटीची कटकट नाही म्हणून लोकांनी हौसेनं घेतली. पाणी खिडक्यांच्या कडेच्या बारीक भेगांतून आत गेलं, आवरणामागे हवा खेळायला जागा नव्हती म्हणून वाळलंच नाही, आणि लाकूड आतल्या आत कुजलं. हजारो कुटुंबं अडकली. त्यांचे दावे सोडवायला तिथल्या सरकारला २००२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. त्या घरांना जुन्या पद्धतीची, बाहेर हातभर आलेली साधी छपरं असती तर बरंचसं पाणी भिंतीवर आलंच नसतं. तुमच्या घराला खिडकीवर छज्जा आहे का? नसेल तर घर बाद होत नाही, पण भिंतीची तपासणी दुप्पट कसून करायला हवी. तपासणाऱ्याकडे ओल मोजण्याचं यंत्र असतं. ते खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांना लावायला सांगा.

आता सोसायटीचे कागद. घर बघण्याइतकाच वेळ यांना द्या. आठ घरांची सोसायटी म्हणजे छप्पर, बाहेरच्या भिंती, पाण्याचे पाइप, समोरचा रस्ता, बहुधा विमाही सामाईक. नेमकं काय सामाईक आणि काय तुमचं, हे ठिकाणाठिकाणच्या कायद्यानुसार आणि त्या सोसायटीच्या नियमांनुसार बदलतं, म्हणून वकिलाकडून लेखी समजून घ्या. मागची पाच वर्षं तरी सभांची इतिवृत्तं मागा. एजंट ताळेबंद आनंदानं देतो, इतिवृत्त द्यायला कचरतो, कारण खरी कथा इतिवृत्तात असते. “छपराच्या दुरुस्तीचा विषय पुढील सभेत घ्यावा” हे वाक्य किती वेळा आलंय ते पेन्सिलनं खुणा करत मोजा. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी बाजूला ठेवलेल्या निधीत, किती जमा आहे ते बघा, आणि पुढच्या दहा वर्षांत कोणकोणती मोठी कामं येणार याचा अंदाज कुणी कधी करून घेतला आहे का, तेही. महिन्याची वर्गणी कमी असेल तर खूश होऊ नका. कमी वर्गणीचा एक अर्थ असा असतो की उरलेले पैसे एक दिवस एकदम मागितले जातील.

हे वाढवून सांगतेय असं वाटू नये म्हणून एक घटना सांगते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथे २४ जून २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर शॅम्पलेन टॉवर्स साउथ या बारा मजली इमारतीचा मोठा भाग कोसळला. ९८ माणसं गेली. कोसळण्यामागे इतरही गोष्टी होत्या. पण पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान होतंय, हे एका अभियंत्यानं २०१८ मध्येच लिहून दिलं होतं. खर्च मोठा होता, मालकांमध्ये वाद झाले, वेळ गेला. पुढच्या वर्षी फ्लोरिडानं कायदा केला की तीन किंवा जास्त मजल्यांच्या अशा सामाईक मालकीच्या इमारतींनी दुरुस्तीच्या निधीचा अभ्यास करून घेतलाच पाहिजे. तुमची आठ घरं म्हणजे तो टॉवर नव्हे, घाबरवण्याचा माझा हेतू नाही. पण सभेत बसलेली माणसं तीच असतात: दुरुस्ती हवी, खर्च नको, पुढच्या वर्षी बघू. आठ जणांत तर दोघं अडून बसले तरी काम थांबू शकतं. त्यातली किती घरं मालक स्वतः वापरतात आणि किती भाड्यानं दिलेली आहेत, तेही विचारा. भाड्यानं देणारा मालक गळती ऐकतो, सोसत नाही.

वर्दळीची तुमची भीती मी झटकून टाकणार नाही, पण तिचे दोन भाग करायला हवेत: भिंतीतून येणारा आवाज आणि रस्त्यावरून येणारा.

सामाईक भिंत ही फार जुनी गोष्ट आहे. १६६६च्या मोठ्या आगीत लंडन जळालं, कारण लाकडी घरं एकमेकांना खेटून होती. १६६७च्या पुनर्बांधणीच्या कायद्यानं भिंती विटेच्या किंवा दगडाच्याच हव्यात असं ठरवलं आणि दोन घरांमधल्या भिंतीची जाडीही घालून दिली. आज या भिंतीनं दोन कामं करायची असतात, आग अडवायची आणि आवाज अडवायचा. दोन्ही कामं ती वरपर्यंत गेली असेल तरच होतात. काही ठिकाणी भिंत वरच्या खोलीच्या छतापाशीच संपते आणि छपराखालची पोकळी सगळ्या घरांना मिळून एकच राहते. मग शेजारचं बोलणं वरून येतं, आणि देव न करो, आगही. तपासणाऱ्याला हे नक्की बघायला सांगा. दुसरी गोष्ट जिन्याची. शेजारचा जिना तुमच्या सामाईक भिंतीला टेकवून बांधलेला असेल तर त्यांच्या प्रत्येक पावलाचा ठोका तुमच्या भिंतीत ऐकू येतो. कोणत्या खोलीची भिंत शेजारच्या जिन्याला लागते ते विचारा, आणि ती झोपायची खोली नसावी. तुमचं घर मधलं आहे म्हणजे दोन्ही बाजूंना हा प्रश्न आहे. मधल्या घराचा एक फायदाही असतो: फक्त पुढची आणि मागची भिंत हवेला उघडी, त्यामुळे थंडीत ऊब टिकते. पण खिडक्याही दोनच बाजूंना. पुढून मागे हवा खेळायला घराची पुढपासून मागपर्यंतची लांबी खोल्यांच्या उंचीच्या पाचपटींहून जास्त नसावी असा एक ठोकताळा आहे. छत पावणेतीन मीटरवर असेल तर साधारण पावणेचौदा मीटर. आणि जिना हा धुराड्यासारखा काम करतो, खालची गरम हवा वर जाते, म्हणून सगळ्यात वरची खोली भर दुपारी बघा.

रस्त्याचा आवाज तुम्हीच ऐकून ठरवायचा. घर दाखवायची वेळ एजंट निवडतो. तुम्ही तुमच्या तीन वेळा निवडा: आठवड्याच्या मधल्या वारी रात्री अकरा, सुट्टीच्या आदल्या रात्री साडेबारा, आणि पहाटे साडेपाच. पहाटेची वेळ लोक विसरतात. कचऱ्याच्या गाड्या आणि दुकानांत माल टाकणारे टेम्पो त्याच वेळी येतात, आणि रात्रीच्या गप्पांपेक्षा मागे येणाऱ्या टेम्पोची टींटीं जास्त झोपमोड करते. घरात जाता आलं नाही तर समोर गाडी लावून, काच खाली करून अर्धा तास बसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१८ मध्ये सुचवलं की रात्री घराबाहेर रहदारीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा. फोनवरची ॲपं अंदाजे आकडा देतात, तो तंतोतंत धरू नका. लक्षात एवढंच ठेवा की १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. साठचा आकडा दिसला तर तो ४५ पेक्षा थोडाच जास्त आहे असं समजू नका. दुहेरी काचेच्या, फटी नीट बंद होणाऱ्या खिडक्यांनी बोलण्याचा आणि गाड्यांचा आवाज बराच कमी होतो. संगीताचा खालच्या सुरातला ठोका मात्र काचेतूनही येतो. जवळ रात्री संगीत वाजणारी जागा असेल तर तिथला नियम विचारून घ्या. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०१४ मध्ये ठरवलं की संगीताची जागा आधीपासून असेल तर तिच्याजवळ नव्यानं घरं बांधणाऱ्यानंच आवाज अडवण्याची सोय करायची. इंग्लंडनंही पुढे तोच विचार स्वीकारला. असा नियम जिथे आहे तिथे मागाहून आलेल्याच्या तक्रारीला फारसा जोर राहत नाही.

आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगते, की गजबज मला स्वतःला आवडते. दिवे लागलेले असतात, कोपऱ्यावर माणूस असतो, औषधाचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असतं. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना शहराचं टोक फार एकटं पाडतं. तुमच्या सासूबाई आज दवाखान्यात जायचं झालं तर कुणाच्या तरी मोकळ्या वेळेची वाट बघत असणार. नव्या जागी त्या कदाचित स्वतः जाऊ शकतील. वर्दळीच्या रस्त्याकडे उघडणारी खिडकी म्हाताऱ्या माणसाला त्रासच देईल असं समजू नका. झोपायची खोली मागे, बसायची पुढे, अशी वाटणी झाली तर दोन्ही साधतं.

पण जिना. पत्रात तुम्ही जिन्याबद्दल एक शब्दही लिहिला नाही, आणि माझ्या मते या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. तीन मजले म्हणजे दोन जिने, प्रत्येकी साधारण १६ पायऱ्या. टाउनहाउसमध्ये बहुतेक वेळा तळाला गाडीची जागा आणि एखादी लहान खोली, मधल्या मजल्यावर बैठक आणि स्वयंपाकघर, वरती झोपायच्या खोल्या. म्हणजे पाणी प्यायला जायचं तरी १६ पायऱ्या. अरुंद जागेत बसवण्यासाठी जिना उभा केलेला असतो. फ्रेंच वास्तुकार फ्रांस्वा ब्लाँदेल यानं सतराव्या शतकात सांगितलेला हिशेब आजही धरतात: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी, ही बेरीज साधारण ६० ते ६५ सेंटिमीटरमध्ये असावी. साडेसतरा सेंटिमीटर उंची आणि २८ रुंदी असेल तर ६३ होतात, चालायला बरा जिना. उंची वीस आणि रुंदी बावीस असेल तर बेरीज ६२च भरते, पण तो उतरताना टाच मागे टेकते आणि पाऊल पुढे लोंबतं. म्हणून बेरीज आणि दोन्ही मापं वेगवेगळी बघा. टेप घेऊन जा. दोन्ही बाजूंना कठडा बसवता येईल का, वळणावर पायऱ्या तिरक्या आणि चिंचोळ्या होतात का, रात्री दिवा खालून आणि वरून दोन्हीकडून लागतो का, ते बघा.

मग तळमजल्याची खोली. तिला खरी खिडकी आहे का, तिच्याशेजारी अंघोळीची सोय आहे का, दाराची मोकळी रुंदी ८० सेंटिमीटर तरी आहे का. नुसतं शौचालय असेल तर तिथे अंघोळीसाठी जागा काढता येईल का, हे प्लंबरला विचारा. मैलापाण्याचा पाइप जवळ असेल तर काम सोपं असतं, नसेल तर फरशी फोडावी लागते आणि सोसायटीची परवानगी लागते. तिन्ही मजल्यांवर एकाच ठिकाणी, एकावर एक अशी मीटर-सव्वा मीटर लांबीरुंदीची कपाटं असतील तर पुढेमागे घरगुती लिफ्ट बसवायला ती जागा मिळू शकते. काही बांधणारे मुद्दाम तशी सोय ठेवतात आणि एजंटलाही ते ठाऊक नसतं. तळाशी राहण्याजोगी खोली होत नसेल आणि लिफ्टलाही जागा नसेल, तर ताई, हे घर घेऊ नका. कितीही आवडलं असलं तरी. ७८ वर्षांच्या माणसाला वरच्या मजल्यावर ठेवणं म्हणजे हळूहळू त्यांचं बाहेर जाणं बंद करणं. आणि तुम्ही दोघंही त्या वयाकडेच चालला आहात.

आता ते वाक्य. आईलाही ते कष्ट नकोत.

तुम्ही लिहिलंत की त्यांची सकाळ बागेत जाते. त्या किती वाजता उठून बाहेर जातात? कुठलं झाड त्यांनी लावलेलं आहे? आज कुठल्या कळ्या उमलल्या हे त्या कुणाला सांगतात? मला वाटतं तुम्हाला या प्रश्नांची उत्तरं माहीत आहेत आणि म्हणूनच पत्र तुम्ही लिहिलंत, यजमानांनी नाही. मुलाला आई वाकलेली दिसते, तिची पाठ दुखत असणार असं वाटतं, आणि त्यात प्रेमच आहे. पण देखभाल हे सगळ्यांसाठी ओझं नसतं. कुणाकुणाचा तो उठण्याचा हेतू असतो. गवत कापणं, पन्हळ साफ करणं, कुंपण रंगवणं हे तुमच्यावरचं ओझं असेल, ते खुशाल जाऊ द्या. रोज सकाळी पाणी घालणं आणि वाळकी पानं खुडणं हे त्यांचं काम आहे, ते काढून घेतलं तर त्यांना आराम मिळणार नाही, रिकामपण मिळेल. घर घेताना त्यांचा हा वाटा वाचवता येतो, मात्र तो आधीच ठरवून.

म्हणून त्या टीचभर अंगणाकडे दुसऱ्या नजरेनं बघा. जाहिरातीत त्याला देखभालमुक्त म्हटलं असेल, तुम्ही त्याला त्यांची बाग म्हणून मोजा. आजूबाजूला तीन मजल्यांच्या भिंती असतील तर ऊन मधले काही तासच येईल, आणि थंडीत सूर्य खाली असल्यामुळे कदाचित येणारच नाही. जास्वंदीसारख्या फुलझाडांना रोज सहा तासांच्या आसपास ऊन लागतं. एका दिवसात सकाळी नऊ, बारा आणि तीनला जाऊन सावलीचा फोटो काढा. अंगणात कृत्रिम गवत घातलेलं असेल तर ते काढता येतं का बघा. भर उन्हात ते ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापतं, अनवाणी पाय ठेवता येत नाही. फरशीचा उतार घराकडे नसावा आणि पाणी जाण्याची जाळी मोकळी असावी, कारण त्या रोज पाणी घालणार आहेत.

छपरावर कुंड्या ठेवू असं कुणी सुचवेल. ते छप्पर बहुधा सोसायटीचं असतं, तुमचं नाही, आणि कुंड्यांच्या बुडाखाली वॉटरप्रूफिंग खराब होतं. शिवाय वजन. ओली माती घनमीटरला दीड टनाहून जास्त भरते. हातभर रुंद मोठी कुंडी भरल्यावर सहज सत्तर-ऐंशी किलोला जाते. नुसतं दुरुस्तीला चढण्यापुरतं बांधलेलं छप्पर अशा कुंड्यांच्या ओळींसाठी नसतं. बाल्कनी असेल तर कमरेच्या उंचीचा हलक्या मातीचा वाफा एका भिंतीलगत करा, तोही अभियंत्याला विचारून. कमरेच्या उंचीचा वाफा अंगणातही चालेल, वाकावं लागत नाही. मुलाला आईच्या पाठीची काळजी आहे ना, त्याचं उत्तर हे आहे.

जुनं घर लगेच विकायची गरज नसेल तर सहा महिने ते तसंच राहू द्या आणि त्याच उपनगरात असंच एखादं घर भाड्यानं घेऊन राहून बघा, असंही मी सुचवलं असतं. पैशांचं गणित बसत असेल तर याहून चांगली परीक्षा नाही. बसत नसेल तर उरलेल्या दिवसांत निदान एवढं करा.

सासूबाईंना ते घर दाखवायला न्या. एजंट सोबत असला तरी त्याला बाहेर थांबायला सांगा. “तुम्हाला आवडेल ना” असं विचारू नका, त्यावर त्या “हो” म्हणतील, तुमच्या सगळ्यांचं मन मोडू नये म्हणून. विचारा, इथे आणायची झाली तर तुमची कुठली दहा झाडं आणायची. त्यांना मागच्या अंगणात थोडा वेळ एकट्या राहू द्या. त्या कोपरे बघायला लागल्या, ऊन कुठून येतं असं त्यांनी विचारलं, तर तुम्हाला बरंच काही कळेल. त्या नुसत्या दारात उभ्या राहून छान आहे म्हणाल्या, तरीही कळेल. आणि जाताना घरातली एक खुर्ची गाडीत टाकून न्या. रिकाम्या घरात बसायला काही नसतं, आणि उभं राहून त्यांना घाईघाईनं उत्तर द्यावं लागू नये.